रामशास्त्री हवेत, पण समोरच्यांच्या पेशव्यासाठी

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला की पाच मिनिटांत तुमचं ठाम मत तयार पाहिजे. साताऱ्यात पोवई नाक्यावर चहा हातात येईपर्यंत जो 'थांबा, आधी वाचतो' म्हणतो, त्याला पुढच्या वेळी बाकावर कुणी जागा करून देत नाही. आणि वाचून वाचणार तरी काय? केशवानंद भारती खटल्याचा निकाल १९७३ साली १३ न्यायमूर्तींनी दिला, ७ विरुद्ध ६ असा, आणि पानं सातशेच्या घरात. निघालं काय, तर संसदेला घटना दुरुस्त करता येईल, तिची मूलभूत चौकट मात्र मोडता येणार नाही. तुम्ही फक्त जिंकलं कोण ते बघायचं. आपला जिंकला तर 'लोकशाही जिवंत आहे', हरला तर 'सगळं मॅनेज आहे'. दोन्ही स्टेटस आधीच टाइप करून ठेवा, ऐनवेळी धांदल नको.

सातारकर म्हणून तुमच्याकडे एक जादा हत्यार आहे. रामशास्त्री प्रभुणे आपल्या माहुलीचे. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि या माणसानं खुद्द राघोबादादांना तोंडावर देहांत प्रायश्चित्त सुनावलं, मग पुणं सोडलं. भाषणात हा प्रसंग घाला, टाळी ठरलेली. फक्त पुढचं सांगत बसू नका. शास्त्रीबुवांना मानानं परत बोलावलं ते बारभाईंच्या कारभारानं, म्हणजे राघोबादादांच्या विरोधकांनी. तेव्हापासून रीत तीच आहे. रामशास्त्री हवाच, पण समोरच्यांच्या पेशव्यासाठी. आपल्या पेशव्याचं प्रकरण निघालं की 'आम्हाला लोकांनी निवडून दिलंय, यांना कुणी दिलंय?' एवढं विचारायचं आणि बिडी पेटवायची.

न्यायमूर्तींची सचोटी मोजायला वर्षं लागतात. म्हणजे सनावळी. तुम्ही सत्ताधाऱ्यांच्या बाजूचे असाल तर १९७३ पाठ करा: केशवानंदच्या निकालाच्या दुसऱ्याच दिवशी तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून अजितनाथ राय यांना सरन्यायाधीश केलं. शिवाय रंगनाथ मिश्रा, माजी सरन्यायाधीश, १९९८ मध्ये काँग्रेसकडून राज्यसभेत. विरोधकांच्या बाजूचे असाल तर २०२० पाठ करा: रंजन गोगोई सरन्यायाधीशपदावरून निवृत्त झाल्यावर चार महिन्यांत राज्यसभेवर नियुक्त. जोडीला सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती नझीर, २०२३ च्या जानेवारीत निवृत्त, फेब्रुवारीत आंध्रचे राज्यपाल. दोन्ही याद्या एका खिशात ठेवू नका. एकदा का त्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, की निवृत्तीनंतर काही वर्षं कुठलंही पद घेऊ नये असा नियम का नाही, असा भलताच प्रश्न पडतो. तो कुठल्याच पक्षाच्या कामाचा नाही.

हंसराज खन्नांचं नाव मात्र कोणत्याही बाजूला चालतं. आणीबाणीत, १९७६ साली, पाच न्यायमूर्तींपैकी ते एकटे म्हणाले की सरकार माणसाला विनाचौकशी डांबून कोर्टाचं दार बंद करू शकत नाही. १९७७ मध्ये त्यांचं सरन्यायाधीशपद हुकलं, त्यांनी राजीनामा दिला. हे सांगताना गळा दाटला पाहिजे. आज विनाखटला आत असलेल्यांबद्दल ते काय म्हणाले असते, असं कुणी विचारलं तर चहाचे पैसे तुम्ही द्या आणि उठा.

आता पक्ष फुटला तर काय करावं? हा विषय आपल्या जिल्ह्याला जवळचा, कारण २०२२ मध्ये शिवसेना फुटली, तेव्हाचे नवे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे आपल्याच दरे गावचे. ११ मे २०२३ ला न्यायालयानं सांगितलं की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली ते चुकलं, विधानसभा अध्यक्षांनी शिंदे गटाच्या नव्या प्रतोदाला मान्यता दिली तेही बेकायदा; पण ठाकऱ्यांनी चाचणीआधीच राजीनामा दिल्यामुळे जुनं सरकार परत आणता येत नाही. अशा निकालावर कंदी पेढे दोन्ही गटांनी वाटायचे असतात. आमदारांची अपात्रता कुणी ठरवायची? अध्यक्षांनी. अध्यक्ष कुठून येतात? बहुधा ज्यांची सत्ता, त्यांच्यातूनच. १९९२ मध्येच ३ विरुद्ध २ अशा मतांनी ही व्यवस्था घटनेत बसते असं ठरलेलं आहे, तेव्हा उगाच नाक मुरडू नका. अध्यक्षांना 'वाजवी वेळेत' निर्णय घ्यायला सांगितलं. वेळ वाजवी होईना म्हणून तारीख घालून दिली, तीही पुढे सरकली, आणि १० जानेवारी २०२४ ला कळलं की कोणत्याच गटातला कुणीच अपात्र नाही. त्याविरुद्ध पुन्हा दिल्ली. तेवढ्यात नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूकच उरकली. शेताच्या बांधावरून वाद घालणाऱ्या आपल्या लोकांना कायद्याची ही खुबी नवी नाही. दावा चालू ठेवायचा आणि पीक काढत राहायचं.

दरवर्षी ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिवसाचं भाषण करायला तुम्हाला बोलावतीलच. १९०० साली याच दिवशी बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले, याचा अभिमान जोरात सांगा. पण २५ नोव्हेंबर १९४९ चं त्यांचं घटना समितीतलं भाषण काढू नका. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असं ते त्यात म्हणून गेलेत, आणि व्यासपीठाच्या मागे नेत्याचा वीस फुटी फ्लेक्स असतो.

हल्ली एक अडचण वाढली आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं, म्हणजे साताऱ्यातून सकाळी निघून दुपारी कामकाज ऐकता येतं. मोह आवरा. तिथं वाटणीचे दावे, भूसंपादनाचा मोबदला, जामीन, बडतर्फ शिक्षक असलं काहीतरी चालू असतं. न्यायमूर्ती दोन्हीकडच्या वकिलांना सारखेच अडचणीचे प्रश्न विचारतात. आपला कोण आणि त्यांचा कोण, दिवसभर बसूनही कळत नाही.

खरा धोका घरातच असतो. पुतण्या लॉला असतो, आणि ऐन रंगात आलेल्या चर्चेत विचारतो, "काका, निकालातला शेवटचा भाग वाचलात का?" त्याला शांतपणे सांगायचं, बाळा, आधी वकिलीची सनद घे, मग बोल. सनद घेऊन तो परत बोलायला येईपर्यंत बहुतेक कुठल्या तरी पक्षाच्या लीगल सेलचा तालुकाध्यक्ष झालेला असतो, आणि मग त्यालाही शेवटचा भाग आठवत नाही.