पेपर आपला, तपासणारेही आपणच

माणूस हुशार की प्राणी, हा प्रश्न निघाला की मला कावळा आठवतो. दुसरीच्या वर्गाला तहानलेल्या कावळ्याची गोष्ट मी गेली एकोणीस वर्षं सांगते आहे. फळ्यावर मडकं काढायचं, त्यात एकेक खडा टाकायचा आणि पाण्याची रेघ पुसून पुसून वर न्यायची. यंदा जूनच्या शेवटी गोष्ट संपली आणि मागच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, "बाई, कावळा हुशार नसतोय. डूख धरतोय त्यो."

हा मुलगा आठवडाभर दप्तर डोक्यावर धरून शाळेत येत होता, पाऊस नसतानाही. विचारलं तेव्हा कळलं, घरामागच्या लिंबाखाली कावळ्याचं पिल्लू पडलं होतं आणि त्याने ते उचलून भिंतीवर ठेवलं होतं. मांजर नेईल म्हणून. तेव्हापासून तो लिंबाखालून निघाला की मागून टाळूवर टोच बसायची. "भावाला न्हाई मारत, आज्जीला न्हाई. मलाच वळखतंय."

शाळा सुटल्यावर मी त्याच्याबरोबर गेले. सहा-सात मुलं, सगळ्यांचा गणवेश एकच. तारेवर दोन कावळे बसलेले. पुढची चार मुलं गेली, कावळे हलले नाहीत. त्याचा भाऊ गेला, तरी नाही. हा लिंबाच्या सावलीत आला आणि एक कावळा ओरडत थेट खाली झेपावला. दप्तरावर पंख आपटल्याचा आवाज मी तीन हातांवरून ऐकला. घरी पोचल्यावर त्याने केस बाजूला करून दाखवले, टाळूवर ज्वारीच्या दाण्याएवढी खपली होती.

अमेरिकेत सिअ‍ॅटलला वॉशिंग्टन विद्यापीठ आहे. तिथले पक्षी-अभ्यासक जॉन मार्झलफ यांनी २००६ साली आदिमानवाचा रबरी मुखवटा घालून सात कावळे पकडले, त्यांच्या पायांत खुणेची कडी घातली आणि त्यांना सोडून दिलं. नंतर तोच मुखवटा घालून कुणीही आवारातून चाललं, की कावळे कालवा करायचे. मुखवट्याच्या आतला माणूस कोण, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. दुसरा, साधा मुखवटा घातला तर फारसं कुणी लक्ष देत नसे. पाच वर्षांनंतरही तो कालवा थांबला नव्हता, उलट ओरडणारे कावळे वाढले होते. त्यांत असेही होते ज्यांना कधी कुणी पकडलंच नव्हतं. मोठ्यांचा आरडाओरडा ऐकून पिल्लं तो चेहरा शिकली होती.

आणि मडक्याची गोष्ट? तीही करून पाहिलेली आहे. २००९ साली केंब्रिजच्या अभ्यासकांनी आपल्या कावळ्याच्याच कुळातल्या रूक पक्ष्यांसमोर अरुंद नळी ठेवली. आत थोडं पाणी, पाण्यावर तरंगणारी अळी, शेजारी खडे. रूक पक्ष्यांनी खडे टाकून पाणी वर आणलं आणि अळी खाल्ली. मोठे खडे लवकर काम करतात हेही त्यांच्या लक्षात आलं. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा पोरं बाकांवर उभी राहिली.

पण इथे थांबून कावळ्याला शाबासकी दिली, तर त्याला आपल्या मापाने जोखायची जुनीच चूक आपण परत करतो, असं मला मनापासून वाटतं. जो कावळा एका मुलाचा चेहरा सहा-सात मुलांतून वेगळा काढतो, तोच कावळा आपल्या घरट्यातलं कोकिळेचं पिल्लू स्वतःचं समजून वाढवतो. आता त्याला हुशार म्हणायचं की खुळा? आपल्या बाळगोष्टीत तर त्याचं घर शेणाचं, पावसात वाहून जाणारं. आणि दहाव्याला त्याच कावळ्याने पिंडाला शिवावं म्हणून आपण हात जोडून ताटकळतो. त्याला आपण कधी त्याच्या जागी उभं करून पाहिलंच नाही. कधी खुळा, कधी पितर.

"माणूस हुशार की प्राणी" या प्रश्नावर माझं म्हणणं एवढंच आहे की पेपर आपण काढतो, तो आपल्या भाषेत काढतो आणि तपासतोही आपणच. हे मी बाई म्हणून बोलते आहे. एके वर्षी चौथीच्या चाचणीत गणित आलं होतं: लिफ्ट सातव्या मजल्यावरून चार मजले खाली आली, आता ती कितव्या मजल्यावर? माझ्या निम्म्या वर्गाने ते सोडून दिलं. वाडीतल्या पोरांनी लिफ्ट पाहिली कुठे? मी तेच गणित विहिरीच्या पायऱ्यांवर घालून विचारलं, तर प्रश्न संपायच्या आत उत्तर आलं. वजाबाकी त्यांना येत होती. कागदावर मात्र ती नापास होती, आणि ते गुण मला तसेच वर पाठवावे लागले. ते मला आजही लागून राहिलं आहे.

हत्तीचं नेमकं हेच झालं. उंचावर खाऊ टांगायचा, खाली काठी ठेवायची. चिंपांझी काठी उचलतो, हत्ती उचलत नाही, म्हणजे हत्तीला सुचत नाही, असं धरलं जायचं. सोंड म्हणजे हत्तीचा हात, ही आपली समजूत. पण सोंड हे नाकही आहे. टोकाला काठी धरली की वास घ्यायची, चाचपायची वाट बंद होते. आपल्याला डोळे मिटून शोधायला सांगावं तसं ते आहे. २०११ साली छापून आलेल्या एका प्रयोगात अमेरिकेच्या राजधानीतल्या, वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातल्या कंडुला नावाच्या सात वर्षांच्या आशियाई हत्तीला काठ्यांबरोबर एक मोठा ठोकळाही दिला होता. त्याने काठ्यांना खाऊसाठी हात लावला नाही. ठोकळा ढकलत फांदीखाली आणला, त्यावर पुढचे पाय ठेवले आणि खाऊ काढला. त्याआधी १९६७ साली गिबन या बिनशेपटीच्या वानरांचंही असंच झालं होतं. जमिनीवर सपाट पडलेली दोरी त्यांना ओढता येईना, कारण त्यांची बोटं फांदीला लोंबकळायला आकड्यासारखी घडलेली. दोरी खांद्याच्या उंचीवर बांधली आणि ती पास झाली.

नुसता मेंदू मोजायचा तरी घोळ होतो. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी, आफ्रिकन हत्तीच्या मेंदूत सुमारे २५,७०० कोटी. पण हत्तीच्या बहुतेक सगळ्या पेशी मागच्या लहान मेंदूत असतात, म्हणजे नुसत्या आकड्यावरून हुशारी ठरत नाही.

मग माणसात वेगळं काहीच नाही का? आहे, आणि ते माझ्या वर्गात रोज दिसतं. जर्मनीतल्या लाइपझिगच्या अभ्यासकांनी २००७ साली अडीच वर्षांची १०५ मुलं, १०६ चिंपांझी आणि ३२ ओरांगउटान यांना सारखीच कोडी घातली. वस्तू कुठे लपली, कमी कुठे, जास्त कुठे, यांत मुलं आणि चिंपांझी जवळपास बरोबरीत राहिले. दुसऱ्याचं पाहून शिकायची वेळ आली तेव्हा मुलं कुठच्या कुठे पुढे निघून गेली. आपलं बळ एकेकट्याच्या डोक्यात कमी आणि एकमेकांकडून घेण्यात जास्त आहे, असं मला यातून दिसतं. सिअ‍ॅटलच्या पिल्लांनी चेहरा शिकला, पण तो मुखवटा समोर असताना. मी सिअ‍ॅटल पाहिलेलं नाही, तो मुखवटाही नाही. तरी माझ्या वाडीतल्या एकवीस पोरांना तो आता ठाऊक आहे.

गेल्या आठवड्यात हे सगळं वर्गात सांगून झालं. तो मुलगा बराच वेळ गप्प होता. आता तो दप्तर पाठीला लावून येतो, टोच कमी झाली आहे. पण लिंबापाशी अजून ओरडा होतो आणि आता तारेवर तीन कावळे असतात.

"बाई, मंजी त्या पिल्लाला बी माझं तोंड वळखायला शिकवलं असंल?"

"कुठल्या पिल्लाला?"

"मी उचललेल्या."

मी म्हणाले, बहुतेक हो.