आमेन, आमोन आणि एक फिरता निरोप

एक निरोप सध्या बराच फिरतोय. मथळा ठरलेला: ‘ख्रिस्ती शब्दांचे लपवलेले खरे अर्थ’. खाली सात मुद्दे. आमेन हे मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, देवाचं नाव. ख्रिस्त हे येशूचं आडनाव, आणि तेही मुळात ‘कृष्ण’. नवा करार आला आणि जुना रद्द झाला. पश्चात्ताप म्हणजे माफी मागून मोकळं व्हायचं. त्रैक्य म्हणजे तीन देव, ३२५ साली मतदान घेऊन ठरवलेले. निष्कलंक गर्भसंभव म्हणजे येशूचा कुमारीपोटी जन्म. हालेलुया हा निरर्थक घोष. शेवटी अर्थातच ‘सत्य जाणा, पुढे पाठवा’.

मला तो तिघांकडून आला. दोघांनी टर उडवायला पाठवला होता. तिसरा दर रविवारी न चुकता चर्चला जातो आणि त्याने खाली लिहिलं होतं, ‘हे खरं आहे का रे?’ हे उत्तर मुख्यतः त्याच्यासाठी. श्रद्धा ठेवावी की नाही, हा इथला विषयच नाही. शब्द कुठून आला आणि लोकांनी तो कसा वापरला, एवढंच पाहायचं आहे.

पहिला मुद्दा, आमेन. युक्तिवाद एवढाच की ‘आमेन’ आणि त्या मिसरी देवाचं नाव ‘आमोन’ सारखे ऐकू येतात. मराठीत तो माळ म्हणजे उजाड रान आणि ती माळ म्हणजे गळ्यातली. दोन्ही ‘माळ’च, पण रानाचा मण्यांशी संबंध जोडायला कुणी जात नाही. आमेन हा हिब्रू शब्द. त्याच्या धातूचा अर्थ पक्कं असणं, भरवशाचं असणं. हिब्रूतले ‘एमुना’ म्हणजे विश्वास आणि ‘एमेत’ म्हणजे सत्य हे त्याच घरातले. मिसरी देवाच्या नावाचा अर्थ ‘गुप्त, दडलेला’. म्हणजे अर्थाने दोघांची तोंडं दोन दिशांना.

पण व्युत्पत्तीपेक्षा वापर बघावा. बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या २७व्या अध्यायात लेवी, म्हणजे उपासनेचं काम पाहणाऱ्या वंशातले लोक, मोठ्याने एकेक शाप उच्चारतात: शेजाऱ्याच्या शेताची हद्द सरकवणारा शापित असो, आंधळ्याला वाटेवरून भरकटवणारा शापित असो. प्रत्येक शापावर सगळे लोक म्हणतात, ‘आमेन’. असं बारा वेळा. इथे कुणी देवाला हाक मारत नाही. ‘होय, आम्हाला मान्य, आम्ही बांधलेले आहोत’ असं जमाव म्हणतोय. कागदाखाली सही करावी तसं.

आणि आमोन देव? तोही बायबलात आहे. यिर्मया ४६:२५ मध्ये त्याचं नाव येतं, आणि परमेश्वर त्याला शिक्षा करणार, असं तिथे लिहिलंय. एकाच ग्रंथात दोन्ही शब्द आहेत आणि लिहिणाऱ्यांना फरक नीट ठाऊक होता. निरोप लिहिणाऱ्याने ते पान उघडलं असतं तर पहिला मुद्दा तिथेच आटोपला असता.

जाता जाता एक. मराठी बायबलात योहानाच्या शुभवर्तमानात येशू पुन्हापुन्हा म्हणतो, ‘मी तुम्हांला खचीत खचीत सांगतो’. मूळ ग्रीक ग्रंथात तिथे ‘आमेन आमेन’ आहे. योहानात अशी जोडी पंचवीस वेळा येते. बाकी सगळे आमेन दुसऱ्याच्या बोलण्याच्या शेवटी म्हणतात, हा स्वतःच्या बोलण्याच्या सुरुवातीला म्हणतो. अभ्यासकांना ही लकब फार मोलाची वाटते. भाषांतर अगदी चोख आहे, पण ‘खचीत’ वाचताना आमेन समोर आहे हे वाचकाला कळत नाही, त्याला कोण काय करणार.

दुसरा मुद्दा. ख्रिस्त हे आडनाव नाही, ती पदवी आहे. ग्रीक ‘ख्रिस्तोस’ म्हणजे ज्याला तेल लावलंय तो, अभिषिक्त. क्रियापद ‘ख्रिओ’, म्हणजे माखणं, चोपडणं. हिब्रूत यालाच ‘माशीआख’ म्हणतात, त्यावरून मसीहा. योहान १:४१ मध्ये ही जोडी सरळ दिली आहे: मसीहा म्हणजे ख्रिस्त. शमुवेल संदेष्टा नवा राजा नेमायला तेलाचं शिंग घेऊन येतो आणि आठ भावांतल्या धाकट्या दावीदाच्या डोक्यावर ते रिकामं करतो, तो प्रसंग डोळ्यांपुढे आणला की शब्द समजतो. शौल राजाही अभिषिक्तच. इतकंच काय, यशया ४५:१ मध्ये पारसाचा, म्हणजे इराणचा, राजा कोरेश याला देव ‘माझा अभिषिक्त’ म्हणतो. तो तर यहुदीसुद्धा नव्हता.

आता कृष्ण. संस्कृतात ‘कृष्ण’ म्हणजे काळा, सावळा. तेलाशी त्याचा संबंध नाही. दुसरं म्हणजे काळाचं गणित. हिब्रू शास्त्राचं ग्रीक भाषांतर येशूच्या जन्माआधीच झालं होतं आणि त्यात शौल-दावीदांसाठी ‘ख्रिस्तोस’ हाच शब्द आहे. येशूसाठी कुणी तो कुठून उसना आणला, हा प्रश्नच उरत नाही. तो घरातच होता.

आडनावासारखं काही हवंच असेल तर ते वेगळंच आहे. त्या काळी माणूस ओळखायचा तो बापावरून नाहीतर गावावरून. मराठी बायबलाने त्यासाठी सुंदर शब्द वापरलाय: नासरेथकर. ‘-कर’ लागलं की मराठी कानाला आडनाव ऐकू येतंच.

करार हा मुद्दा मला सगळ्यात रंजक वाटतो, कारण इथे निरोपाची चूक समजण्यासारखी आहे. जुना करार आणि नवा करार ही बायबलाच्या दोन भागांची नावं. मराठीत ‘करार’ म्हटलं की स्टॅम्पपेपर आणि दोन साक्षीदार आठवतात. नवा करार केला की जुना आपोआप बाद, हा व्यवहाराचा नियम. हिब्रूतला ‘बरीत’ मात्र लिहीत नाहीत, कापतात. भाषेतला वाक्प्रचारच तसा आहे: करार कापणे. का, ते उत्पत्तीच्या १५व्या अध्यायात दिसतं. देव यहुद्यांचा मूळपुरुष अब्राम याच्याशी करार करतो, तेव्हा अब्राम तीन वर्षांची कालवड, शेळी आणि मेंढा आणतो, मधोमध चिरतो, अर्धी अर्धी समोरासमोर मांडतो. गिधाडं उतरतात, तो त्यांना हाकलत बसतो. सूर्य मावळतो. मग काळोखात धुमसती शेगडी आणि जळती मशाल त्या तुकड्यांमधून जाते. त्यांच्या मधून चालायचं म्हणजे ‘शब्द मोडला तर माझंही असंच होवो’ असं म्हणायचं. यिर्मयाच्या ३४व्या अध्यायात हे उघड सांगितलंय. आणि उत्पत्तीत त्या वाटेने अब्राम चालत नाही. चालतो तो देव, एकटा. भाडेकरारात असं एकतर्फी कलम कुठे असतं?

पुढे ग्रीकमध्ये याला ‘दियाथेके’ म्हटलं. त्या शब्दाचा रोजचा अर्थ मृत्युपत्र. लॅटिनमध्ये ‘तेस्तामेंतुम’ झालं, इंग्रजीत टेस्टामेंट, मराठीत करार. दर मुक्कामी अर्थ थोडा सांडला. इब्री लोकांस पत्र लिहिणाऱ्याने तर नवव्या अध्यायात मृत्युपत्राचा अर्थ मुद्दाम खेळवलाय.

मग जुना रद्द झाला का? मत्तय ५:१७ मध्ये येशूच म्हणतो की नियमशास्त्र रद्द करायला मी आलेलो नाही. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर इब्री ८:१३ मध्ये पहिला करार जीर्ण झाल्याचंही म्हटलंय. यज्ञ, सुंता, खाण्याचे नियम यांतलं काय पाळायचं, यावर पहिल्या पिढीतच कडाक्याचे वाद झाले. प्रेषितांच्या कृत्यांचा १५वा अध्याय त्याच भांडणाचा आहे. पण विधी सुटणं वेगळं आणि ग्रंथ बाद होणं वेगळं. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या माणसाने हाच प्रस्ताव मांडला होता: जुन्या कराराचा देव वेगळा, तो ग्रंथ टाकून द्या. रोमच्या ख्रिस्ती मंडळीने इ.स. १४४च्या सुमारास त्यालाच बाहेर काढलं. निरोपातला ‘लपवलेला अर्थ’ असा साडेअठराशे वर्षांहून जुना आहे आणि उघड उघड नाकारलेला आहे.

पश्चात्ताप. माफी मागा, मोकळे व्हा, पुन्हा पाप करा. असं वागणारे नाहीत असं नाही. पण दोष शब्दावर टाकू नये. मराठी शब्दात फक्त ‘ताप’ आहे, मागाहून होणारी जळजळ. ग्रीक ‘मेतानोइया’त जळजळ नाही, मन पालटणं आहे. हिब्रू ‘शूव’ तर अगदी पायांचा शब्द: मागे फिरणं, घरी परतणं. लॅटिन बायबलात याचं भाषांतर ‘प्रायश्चित्त करा’ असंही वाचता येईल असं झालं होतं. १५१७ साली धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने ९५ प्रबंध मांडले, त्यांतला पहिलाच या शब्दावर आहे: येशूने पश्चात्ताप करा म्हटलं तेव्हा माणसाचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं व्हावं, असं त्याला अभिप्रेत होतं. मोकळं होण्याच्या नेमकं उलट.

उदाहरण जक्कयाचं. यरीहोचा मुख्य जकातदार, श्रीमंत, बुटका. गर्दीतून येशू दिसेना म्हणून उंबराच्या झाडावर चढून बसला. येशू त्याच्या घरी उतरला तेव्हा तो म्हणाला: अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. लूकच्या शुभवर्तमानातल्या त्या उताऱ्यात ‘पश्चात्ताप’ हा शब्द नाही, माफीचं एक वाक्य नाही. हिशेब आहे.

याच्याच शेजारी ‘पाप’ हा शब्द. हिब्रू ‘खाता’चा एक अर्थ नेम चुकणं. शास्ते २०:१६ मध्ये बन्यामिनाच्या वंशातले सातशे डावखुरे गोफणधारी येतात, केसावर नेम धरला तरी न चुकणारे. तिथलं ‘न चुकणारे’ त्याच धातूचं. इथे मराठीला भाषांतराची मारामार नाही: आपल्याकडे नेम चुकतो, वाट चुकते आणि माणसाची चूक होते, सगळं एकाच क्रियापदात. तरी जपून. पाप म्हणजे ‘फक्त नेम चुकणं’ असं प्रवचनांतून ऐकू येतं, तेही निरोपाइतकंच घाईचं. बायबलात त्याच शब्दाने खून आणि फसवणूकही मोजलीय.

त्रैक्य म्हणजे देव एकच, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा. यावर निरोपाच्या बाजूने एकच म्हणता येईल. हा शब्द बायबलात नाही. मान्य. पण तो ३२५ साली निकेआ इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेत जन्मलेला नाही. अंत्युखियाचा बिशप थिओफिलस इ.स. १८०च्या सुमारास ग्रीकमध्ये ‘त्रिआस’ लिहितो, ख्रिस्ती लेखक तर्तुलियन तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला लॅटिनमध्ये ‘त्रिनितास’. निकेआला वाद होता तो अरियस नावाच्या पाद्र्याच्या म्हणण्यावर, की पुत्र, म्हणजे येशू, हा निर्माण केलेला आहे. बिशपांनी श्रद्धेच्या कबुलीनाम्यावर सह्या केल्या हे खरं, पण त्या कबुलीनाम्यात त्रैक्य हा शब्दच नाही. देव किती, यावर तिथे मत घेतलं गेलं नाही. एकच, हे दोन्ही बाजूंना मान्य होतं.

आणि ‘तीन देव’? मराठी शब्द नीट वाचला तरी पुरे. त्यात ‘त्रि’ आहे तसं ‘ऐक्य’ही आहे. मत्तय २८:१९ मध्ये पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या ‘नावाने’ बाप्तिस्मा द्यायला सांगितलंय, मूळ ग्रीकमध्ये ‘नाव’ एकवचनी. गोंधळ होतो तो ‘तीन व्यक्ती’ या शब्दांनी, कारण व्यक्ती म्हटलं की आपण डोकी मोजतो. व्यक्ती म्हणजे व्यक्त होणं असं म्हणून सुटायला जावं तर दुसऱ्या खड्ड्यात पाय: एकच देव तीन सोंगं घेतो, हे सबेलियस नावाच्या धर्मशिक्षकाचं मत, आणि तेही मंडळीने नाकारलेलं. सिद्धांत अवघड आहे, पटेलच असं नाही. पण निरोप ज्यावर हसतोय तो सिद्धांत हा नव्हेच.

निष्कलंक गर्भसंभवावर थोडक्यात, कारण चूक साधी आहे आणि भलेभले करतात. हा शब्द येशूच्या नाही, त्याची आई मरिया हिच्या गर्भधारणेबद्दल आहे: ती स्वतः आपल्या आईच्या पोटात आली त्या क्षणापासून मूळ पापापासून, म्हणजे आदामापासून सगळ्यांना वारशाने येणाऱ्या पापापासून, मुक्त होती. मानतात कॅथलिक, पोप नववे पायस यांनी १८५४ साली तो श्रद्धासिद्धांत म्हणून जाहीर केला. प्रोटेस्टंट मानत नाहीत. कुमारीपोटी जन्म हा वेगळा विषय, तो दोघेही मानतात. सणाची तारीख ८ डिसेंबर आहे, ती पाहूनही शंका यायला हवी होती. येशूच्या जन्माच्या सणाला तिथून अवघे सतरा दिवस.

राहिला हालेलुया. ‘हालेलु’ म्हणजे स्तुती करा, तेही अनेकवचनी, तुम्ही सगळे. ‘याह’ हे परमेश्वराच्या नावाचं छोटं रूप. मराठी स्तोत्रसंहितेत या शब्दाचं भाषांतरच केलंय: ‘परमेशाचे स्तवन करा’. प्रकटीकरणाच्या १९व्या अध्यायात तो चार वेळा येतो, तिथे मात्र ‘हालेलूया’ तसाच ठेवला, कारण ग्रीक लेखकानेही तो हिब्रूतून उचलून तसाच ठेवला होता. भाषांतर न केलेला शब्द निरर्थक असतो, असं मानलं तरच निरोपाचं म्हणणं टिकतं. रोमन कॅथलिक परंपरेत तर ईस्टरआधीच्या उपवासकाळात हा शब्द उपासनेत म्हणतच नाहीत. तो आनंदाचा शब्द, म्हणून थेट ईस्टरच्या रात्री परत येतो. ज्या घोषाला काही अर्थच नाही, तो इतके दिवस तोंडाबाहेर काढायचा नाही असा नियम कोण कशाला करेल?