सायलेन्सर आवाज ‘गिळत’ नाही
बंदुकीला सायलेन्सर लावला की फक्त ‘फुस्स’ आवाज येतो, हा समज दुरुस्त करायला हवा. चांगला सप्रेसर (सायलेन्सरचंच दुसरं नाव) साधारण २० ते ३५ डेसिबल कमी करतो. म्हणजे १६५ डेसिबलची रायफल १३५च्या आसपास येते. डेसिबलचं मोजमाप लॉगरिदमिक, म्हणजे पटीत वाढणारं, असल्यामुळे ३० डेसिबलची घट म्हणजे ध्वनिदाब सुमारे ३२ पटींनी कमी. घट खरंच मोठी आहे. पण १३५ डेसिबल म्हणजे शांतता नव्हे. एका धडाक्यात कानाला इजा होण्याची मर्यादा १४० धरतात, आणि वारंवार गोळीबारात त्याखालीही धोका असतोच. इअरप्लग काढू नका!

शिवाय सप्रेसर फक्त नळीच्या तोंडाशी फुटणारा वायू आवरतो. गोळी ध्वनीपेक्षा (२० अंश सेल्सिअसला ३४३ मीटर प्रतिसेकंद) वेगानं गेली, तर तिचा हवेतला ‘कडाड’ आवाज तसाच राहतो. तो टाळायला सबसॉनिक, म्हणजे ध्वनीपेक्षा हळू जाणारी, गोळीच लागते.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: जाहिरातीतला आकडा बहुधा नळीच्या तोंडाजवळचा असतो. गॅसवर चालणाऱ्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलीत (जी गोळीच्या वायूच्या दाबानं पुढची गोळी आपोआप भरते) दाब मागे येतो आणि काडतूस बाहेर पडण्याच्या खिडकीतून थेट चालवणाऱ्याच्या कानाजवळ सुटतो. तिथलं माप वेगळंच निघतं. पहिली गोळीही जास्त वाजते, कारण सप्रेसरच्या आत साठलेल्या हवेतला ऑक्सिजन उरलेला वायू पेटवतो.