एसीखाली शाल घेणं म्हणजे नखरे नव्हेत

ऐरोली, महापे, वागळे इस्टेट. कुठल्याही ऑफिसात भर मे महिन्यात जा. बाहेर घामाच्या धारा आणि आत खुर्चीच्या पाठीला शाल. ती बहुतेक वेळा बाईचीच. त्यावर "तुम्हालाच कशी एवढी थंडी वाजते?" असं विचारणं आता बंद करा.

थंडी आधी कळते ती त्वचेला. बसल्या जागी अंगात ऊब तयार होते त्यात स्नायूंचा वाटा मोठा, आणि बायकांचे स्नायू सरासरीने कमी. त्यात गारव्याने त्यांच्या हातापायांच्या रक्तवाहिन्या लवकर आकसतात. ऊब पोटात-छातीत राहते, बोटं बर्फ होतात. १९९८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोजणीत बायकांचे हात पुरुषांपेक्षा सुमारे दीड अंश सेल्सियसने गार भरले. आतलं तापमान मात्र किंचित जास्तच. पाळीआधीच्या दोन आठवड्यांत ते आणखी थोडं चढतं, म्हणून तीच खोली जास्त गार वाटते.

एसीचं गणितही पुरुषाच्या अंगावर बेतलेलं आहे. २०१५ साली नेदरलँड्सच्या संशोधकांनी दाखवून दिलं की त्यात बायकांच्या शरीरातली उष्णता ३५ टक्क्यांपर्यंत जास्त धरली जाते.

म्हणून २२ चं २४-२५ कराच. पण त्याआधी झोत बघा. टिश्यूची पट्टी दोऱ्याने डोक्याच्या उंचीवर धरा. फडफडली तर हवा थेट मानेवर पडतेय. मेंटेनन्सवाल्याला डिफ्युझरची (छतातल्या हवेच्या जाळीची) पाती फिरवायला आणि मागचा डँपर, म्हणजे हवा कमी-जास्त करणारी झडप, अर्धा बंद करायला सांगा. पुठ्ठा चिकटवू नका: तीच हवा शेजारणीच्या डोक्यावर जोरात जाते आणि जाळीला पाणी सुटून टेबलावर ठिबकतं. खोलीचं तापमान मोजणारा एसीचा सेन्सर कुठे आहे तेही पाहा. प्रिंटरजवळ किंवा पश्चिमेच्या काचेपाशी असेल तर तो यंत्राची किंवा उन्हाची उष्णता वाचतो आणि सगळा मजला गारठवतो. खरा आकडा हवा तर टेबलाशी, बसल्यावर कंबर येते त्या उंचीवर, साधा थर्मामीटर ठेवा. सकाळी ११ ला आणि दुपारी ४ ला वाचा.

एकदम २७ केलं तर आपल्याकडच्या दमट हवेत चिकचिक होते, कारण कॉम्प्रेसर कमी चालला की हवेतलं पाणी निघत नाही. मग वैतागून कोणीतरी थेट १८ करतं. घरी २६ आणि पंखा मंद, हे दोघांनाही सोसतं.

एसी बंद असतानाही हातपाय गार राहत असतील तर शाल पुरणार नाही. हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉईडची तपासणी) तपासून घ्या. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला होता.