भाड्याची पावती

आज सकाळी पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, वाट पाहत उभा असताना आमच्या वाड्यावरच्या एका सद्गृहस्थांनी मला चारचौघांत वेड्यात काढले. माडीवरच्या भाडेकरूला मी दर महिन्याला पावती देतो, तिच्यावर पॅन क्रमांक घालतो आणि ते भाडे प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखवतो, हे त्यांच्या कानावर गेले होते. "कित्याक जाय पावती? रोख घे आनी ओगी राव," म्हणजे पावती कशाला हवी, रोख घे आणि गप्प राहा, असे म्हणून ते हसले. त्यांच्या स्वतःच्या पाच खोल्या भाड्याने आहेत आणि त्यांपैकी एकीचीही नोंद विवरणपत्रात नाही, हेही त्यांनीच ऐटीत सांगितले.

तेव्हा मी गप्प बसलो, म्हणून आता लिहितो आहे.

तीन वर्षांपूर्वी, जूनच्या पहिल्या पावसात, कुडाळची एक परिचारिका खोली पाहायला आमच्याकडे गोव्यातल्या फोंड्याला आली. बलकांवात, म्हणजे पुढच्या ओसरीत, निथळती छत्री घेऊन ती उभी होती. पाणी किती वेळ येते, दुचाकी कुठे लावायची, हे तिने मोकळेपणाने विचारले, मग आवाज एकदम खाली आणून म्हणाली, "काका, पावती मिळेल का? पॅनसकट?" हातउसने पैसे मागावेत, तशा संकोचाने तिने ते विचारले. आधीच्या मालकाने पावती हवी असल्यास महिन्याला दोन हजार जास्त पडतील, असे तिला सांगितले होते.

हे दोन हजार कशाचे, याचा विचार करावा. जुन्या करप्रणालीत असलेल्या पगारदाराला घरभाडे भत्त्यावर सूट मिळते. पण वर्षाचे भाडे 1 लाखाच्या वर गेले की मालकाचा पॅन द्यावा लागतो. मालकाने तो दिला नाही, तर भाड्यापोटी गेलेल्या रकमेवरही भाडेकरूलाच कर भरावा लागतो. म्हणजे मालक जो कर बुडवतो तो भाडेकरूच्या पगारातून वसूल होतो, आणि वाड्यावर हुशार ठरतो तो मालक. नव्या करप्रणालीत ही सूटच नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्यामुळे ते दोन हजार मागणे सभ्यपणाचे होत नाही.

बरे, हा कर असतो तरी केवढा? आमचे भाडे महिना 12,000, म्हणजे वर्षाला 1,44,000. त्यातून मी भरलेली 3,200 रुपयांची घरपट्टी वजा होते. उरलेल्या 1,40,800 मधून 30 टक्के, म्हणजे 42,240 रुपये, दुरुस्ती वगैरेसाठी सरळ वजा होतात आणि त्यासाठी कोणी एकही बिल मागत नाही. राहिले 98,560. घर काही महिने रिकामे राहिले, तर त्या महिन्यांचे न मिळालेले भाडे धरले जात नाही. गृहकर्ज असेल तर त्याचे व्याजही वजा होते. पगारावर जगणाऱ्या माणसाला त्याच्या चपला झिजल्याबद्दल कोणी 30 टक्के देत नाही.

गोव्याच्या पावसात कौलारू घर राखणाऱ्याला हे 30 टक्के पुरत नाहीत, हे मात्र मला मान्य करावे लागेल. ज्या वर्षी आमचे वासे बदलले, त्या वर्षीचा खर्च भाड्याच्या निम्म्याहून अधिक होता आणि तो पूर्ण वजा झाला नाही. असो.

आता माझेही सांगतो, कारण सकाळचा राग थोडा ओसरला आहे. मी काही जन्मतः धुतला तांदूळ नव्हतो. त्या मुलीच्या आधीच्या भाडेकरूला मी पहिले वर्षभर पावती दिली नव्हती. त्याने मागितली नाही आणि मला ते सोयीचे वाटले. पुढे दाखवू लागलो, तेही चुकीचे. आपल्या गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्याने पतिपत्नींची मालमत्ता सहसा सामाईक असते, म्हणून प्राप्तिकर कायद्यानुसार पगार सोडून इतर उत्पन्न दोघांत निम्मे विभागावे लागते. मी काही वर्षे सगळे भाडे माझ्याच नावावर दाखवत होतो. वरच्या 98,560 पैकी 49,280 हिचे आहेत, हे एका जाणकार सीएने दाखवून दिले, तेव्हा ही म्हणाली, "कायद्याला कळते ते तुम्हाला उशिरा कळले."

आमच्या सद्गृहस्थांना खरी भीती कराची नसावी. 2025-26 या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर पडत नाही, आणि खोल्यांचे भाडे धरूनही ते त्या रकमेच्या जवळपास जात नसावेत. त्यांना भीती आहे ती कागदाची. पावती दिली की भाडेकरू हक्क सांगतो आणि घर सोडत नाही, हे त्यांनी मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) आणि भाडे नियंत्रण या कायद्यांच्या गप्पांतून लहानपणापासून ऐकले आहे. ती भीती अगदीच पोकळ आहे, असे मी म्हणणार नाही. परंतु त्यावर लेखी करार आणि मुदत हा उपाय आहे. पाच खोल्यांतल्या माणसांना कागदावर नाहीसे करणे हा उपाय नव्हे. यांपैकी एकाही भाडेकरूच्या पडताळणीचा अर्ज पोलीस ठाण्यात गेला असेल, असे मला वाटत नाही.

त्या परिचारिकेची बदली झाली आहे. परवा ती शेवटच्या पावत्या न्यायला आली, तेव्हा नव्या गावच्या मालकाकडे हे कसे मागायचे, असे तिने मला विचारले. तिचा आवाज पुन्हा तसाच खाली आला होता. मी तिला जुन्या पावतीची एक प्रत दिली आणि खोली पाहायला जाताना ती सोबत ठेवायला सांगितले.

सद्गृहस्थांच्या कोपऱ्यातल्या खोलीत गेल्या महिन्यात एक तरुण जोडपे राहायला आले आहे. त्यांनी अजून पावती मागितलेली नाही.