साका, सुई आणि दोन परस्परविरोधी रिपोर्ट : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

स्तनातील गाठीच्या तपासण्यांविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण राजापुराहून पाठवलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी तिचा आशय देतो. आपल्या जाऊबाईंच्या गाठीची आधी सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी झाली, मग सुईने तुकडा काढला. त्या तुकड्याची बाटली आपण स्वतः एसटीने अणुस्कुरा घाटातून वर नेऊन घाटावरच्या प्रयोगशाळेत पोहोचवली. तिथून ‘ईआर निगेटिव्ह’ असा रिपोर्ट आला (ईआर ही कर्करोगाच्या पेशीची एक ओळखखूण, म्हणजे मार्कर) आणि पुढे मुंबईत शस्त्रक्रिया झाल्यावर त्याच गाठीचा रिपोर्ट ‘ईआर पॉझिटिव्ह’ निघाला. यावर आपण दोन प्रश्न विचारले आहेत. आंबा कापल्याशिवाय साका (गरात आतून होणारा बिघाड) कळत नाही हे बागेतल्या पोरालाही ठाऊक असते, मग कापायचेच होते तर आधी फोटोंवर पैसे का घालवले, हा पहिला. आणि कापूनही दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगत असतील, तर ‘मार्करच्या तपासणीनंतर शंकेला जागा उरत नाही’ हे वाक्य मी कशाच्या जोरावर लिहिले, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाशी मी सहमत नाही; दुसऱ्यात आपले बरोबर आहे आणि माझे चुकले आहे.

हापूसमधला साका न कापता एक्स-रेने ओळखता येतो का, याचे प्रयोग आपल्याकडे झालेले आहेत, आणि साक्याचा भाग चित्रात निराळा दिसतो. तरी बागायतदार पेटीतला एखादा आंबा कापून पाहतो, कारण एक आंबा गेला तर काही बिघडत नाही. बाईच्या बाबतीत तसे करता येत नाही. स्तनात हाताला लागणाऱ्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, त्यामुळे कोणाला सुई टोचायची आणि कोणाला नाही, हे ठरवण्याचे पहिले काम चित्राचे असते. मॅमोग्राफीच्या रिपोर्टाखाली ‘बायरॅड्स’ असा जो आकडा असतो, ती अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने घालून दिलेली वर्गवारी आहे. त्यात ३ म्हणजे कर्करोगाची शक्यता २ टक्के किंवा त्याहून कमी, आणि अशा बाईला बहुधा सहा महिन्यांनी पुन्हा बोलावले जाते. ५ म्हणजे शक्यता ९५ टक्के किंवा त्याहून अधिक. जाऊबाईंचा आकडा ४ होता, आणि ४ या वर्गाचा पल्ला २ टक्क्यांपासून थेट ९५ टक्क्यांपर्यंत आहे. इतक्या रुंद पल्ल्यात चित्राच्या भरवशावर कोणीही शस्त्रक्रिया करू नये. मार लागून मेलेली चरबी मॅमोग्राफीत हुबेहूब कर्करोगासारखी दिसू शकते, आणि आपल्या देशात स्तनाचा क्षयरोगही तसे सोंग आणतो.

शिवाय सुई नेमकी कुठे जावी, त्याच स्तनात दुसरी एखादी जागा संशयास्पद आहे का, काखेतल्या गाठी वाढल्या आहेत का, हे चित्रच सांगते. ते सुईच्या आधी काढलेले बरे, कारण सुईनंतर आत रक्त साकळले तर चित्र गढूळ होते. शस्त्रक्रियेआधी केमोथेरपी द्यायची असेल तर सोनोग्राफीत पाहून गाठीत एक बारीक धातूची क्लिप ठेवतात, कारण औषधाने गाठ पुरती विरघळली तर शस्त्रक्रियेच्या वेळी जागा सापडायला हवी. पैसे वाया गेले असे मला म्हणून वाटत नाही. मात्र प्रत्येक निरोगी बाईला यंत्राखाली घातलेच पाहिजे, असा याचा अर्थ नव्हे. टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईत दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केवळ हाताने तपासणी केली, आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ५० वर्षांवरील स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी आढळले.

सुईने कर्करोग पसरतो, असेही आपण ओझरते लिहिले आहे. सुईच्या वाटेवर पेशी सांडणे शक्य आहे; पण त्यातून पुढे रोग उद्भवणे फार विरळ, आणि न तपासता केलेल्या शस्त्रक्रियेचे नुकसान त्याहून कितीतरी मोठे. तपासण्यांमागे कमिशन असते, या आपल्या आरोपावर मी वाद घालणार नाही, तसले प्रकार चालतात.

आता दुसरा प्रश्न. ईआर म्हणजे कर्करोगाच्या पेशीच्या केंद्रकातला इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा ग्राहक, म्हणजे रिसेप्टर. तो दिसावा म्हणून मेणात बसवलेल्या तुकड्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप घेतात, ते विशिष्ट द्रावणात उकळतात (कित्येक प्रयोगशाळांत हे काम घरच्यासारख्याच प्रेशर कुकरमध्ये चालते), त्यावर त्या ग्राहकालाच चिकटणारे प्रतिपिंड (अँटिबॉडी) सोडतात आणि ग्राहक असेल तिथे तपकिरी रंग उमटवतात. शंभरातल्या एका केंद्रकाला जरी रंग चढला तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह धरायचा, असा नियम आहे, कारण त्यावर टॅमॉक्सिफेनसारख्या, इस्ट्रोजेनला अडवणाऱ्या गोळ्या द्यायच्या की नाही हे ठरते. चुकीचा ‘निगेटिव्ह’ म्हणजे वर्षानुवर्षे उपयोगी पडणारे औषध त्या बाईला नाकारणे होय.

हा रंग चढणे न चढणे रोगावर जितके अवलंबून असते, तितकेच तुकडा बाहेर आल्यानंतरच्या पहिल्या काही तासांवर. बांगडा होडीतून उतरल्यावर बर्फ पडायला उशीर झाला, तर नंतर कितीही बर्फ घातला तरी गेलेली चव परत येत नाही. ऊतीचेही तसेच आहे. तुकडा तासाभराच्या आत १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे ऊत टिकवणाऱ्या द्रावणात, पडला पाहिजे, फॉर्मॅलिन तुकड्याच्या निदान दहापट हवे, आणि त्यात तो किमान ६ व फार तर ७२ तास राहावा, असा दंडक आहे. मोठी गाठ असेल तर ती चिरून ठेवावी लागते, कारण फॉर्मॅलिन आत तासाला सुमारे एक मिलिमीटर इतक्याच गतीने शिरते.

आता आपल्या किनाऱ्यावर काय होते ते पाहा. तुकडा शुक्रवारी निघतो, बाटली सोमवारी सुटते, मध्ये गौरी-गणपती आले तर त्याहूनही उशिरा. आणि बाटलीत काय आहे हे नेणाऱ्याला कोणी सांगत नाही. रत्नागिरीत माझी प्रयोगशाळा चालू असताना एका लहान रुग्णालयातून आलेली बाटली उघडल्यावर नेहमीचा झोंबणारा वास आला नाही, तेव्हा कळले की तुकडा साध्या सलाइनमध्ये दोन दिवस होता. ती बाटली मी ओळखली. त्याआधीची एक मात्र ओळखली नाही. तिचा रिपोर्ट मी ‘निगेटिव्ह’ दिला, आणि पुढे काप पुन्हा पाहताना लक्षात आले की शेजारच्या निरोगी दुग्धनलिकांनाही रंग चढलेला नव्हता. निरोगी नलिकांच्या काही पेशींत ईआर असतोच. त्याही कोऱ्या असतील तर तपासणीच फसलेली असते आणि ‘निगेटिव्ह’ लिहिण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही. बाईंना बोलावून दुसरा तुकडा तपासला, तो पॉझिटिव्ह निघाला. हा अनुभव गाठीशी असताना ‘शंकेला जागा उरत नाही’ असे मी लिहायला नको होते.

जाऊबाईंच्या दोन रिपोर्टांपैकी खरा कोणता, हे काप न पाहता मी सांगणार नाही. नीट न ठेवल्यामुळे पहिला तुकडा फसला असेल ही शक्यता मला अधिक वाटते. पण एकाच गाठीचे दोन भाग वेगळे निघणे, किंवा पॉझिटिव्हपणा एक-दोन टक्क्यांच्या काठावर असणे, हेही घडते. हर-टू या दुसऱ्या मार्करच्या (पेशीच्या पृष्ठभागावरील एका प्रथिनाच्या) रिपोर्टात ‘२+’ लिहिले आहे असे आपण कळवले आहे. ते ना होकार ना नकार. त्यापुढे ‘फिश’ ही जनुकाची तपासणी करावी लागते आणि ती झाल्याशिवाय हर-टूवरचे औषध ठरत नाही. पेशी किती वेगाने वाढत आहेत ते दाखवणाऱ्या के-आय ६७ चे आकडे दोन ठिकाणी २० आणि ३० आले याचे फार मनाला लावून घेऊ नका. कील या जर्मन बंदराच्या आणि प्रयोगाच्या तबकडीतल्या ६७ क्रमांकाच्या खळगीच्या नावाने ओळखला जाणारा हा मार्कर प्रयोगशाळेगणिक बदलण्याबद्दल बदनामच आहे.

पहिल्या तुकड्याचा मेणातला ब्लॉक घाटावरच्या प्रयोगशाळेत अजून असेल. तो लेखी अर्ज देऊन मागून घ्या, मुंबईतल्या ब्लॉकशेजारी ठेवून दोन्हींचे काप एकाच दिवशी, एकाच ठिकाणी रंगवायला सांगा, आणि निरोगी नलिकांना रंग चढला होता का, हे रिपोर्टात लिहून मागा. तुकडा किती वाजता काढला आणि किती वाजता फॉर्मॅलिनमध्ये टाकला, ही नोंद पहिल्या फॉर्मवर असेल तर तीही सोबत जोडा. मूळ लेखातले ते वाक्य मी आज काढले आहे, आणि त्या जागी आपल्या बाटलीच्या प्रवासाची हकिगत, आपली हरकत नसेल तर, नावाशिवाय घालीन म्हणतो.