पेट्रोल चोरीची तक्रार द्या, आणि ती पूर्ण द्या

पाऊस लागला की आमच्या गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या वाड्यांवर पेट्रोल चोरीचा हंगाम सुरू होतो. पावसाच्या आवाजात फाटक उघडलेलं कळत नाही, मध्येच लाईट जाते, कुत्रीसुद्धा पडवीत अंग आखडून पडलेली असतात. सकाळी बाईकला किक मारावी तर ती दोनदा खोकते आणि बंद पडते. वाकून बघितलं तर टाकीखालची नळी लोंबकळत असते. यंदाही तेच चाललंय. आमच्या वाड्यावर झालं, शेजारच्या वाड्यावर झालं, वरच्या रस्त्याला ट्रक लावतात तिथेही झालं. आणि घराघरात चर्चा शेवटी एकाच वाक्यावर येऊन थांबते, "सोड रे, कितलें पेट्रोल तें!"

हे "सोड रे" मला अजिबात पटत नाही.

पेट्रोल दोनच लिटर गेलं असेल, पण ते कुणाचं गेलं ते बघा. पायलटाच्या, म्हणजे मोटरसायकलवरून भाडं मारणाऱ्याच्या, गाडीतलं गेलं तर त्याची सकाळची भाडी गेली. म्हापशाच्या इस्पितळात सकाळच्या ड्युटीला जाणाऱ्या नर्सचं गेलं तर त्या वेळी गावातून दुसरी सोय काय आहे? पहिली बस येईपर्यंत तिची ड्युटी सुरू झालेली असते. आणि ट्रकवाल्यांचं तर विचारूच नका. ज्या खाणींचं खनिज हे ट्रक वाहायचे त्या २०१२ मध्ये बंद झाल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ मध्ये परत बंद पडल्या. त्या सगळ्या काळात दारात उभ्या ट्रकांचे हप्ते ज्यांनी कसेबसे भरले, त्या माणसांच्या टाकीतलं डिझेल रात्रीत उपसलं जातं आणि आपण त्याला किरकोळ म्हणतो.

पोलीस ठाण्यात गेलं की काय होतं तेही सगळ्यांना ठाऊक आहे. "पाचशे रुपयांच्या पेट्रोलासाठी कसली केस करता?" असं ऐकून माणूस परत येतो. पण या उत्तरामागे नुसता आळस नसतो, कायद्यात झालेला एक बदलही असतो. तो आपल्याला माहीत नसतो म्हणून आपण तिथे गप्प बसतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्याआधी चोरी कितीही लहान असली तरी पोलिसांना थेट गुन्हा नोंदवून तपास करता येत होता. आता साध्या चोरीच्या कलम ३०३ मध्ये मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर गुन्हा अदखलपात्र धरला जातो. म्हणजे पोलीस नोंद करून घेतात, पण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्या माणसाने माल किंवा त्याची किंमत परत केली तर त्याला शिक्षा म्हणून समाजसेवा करायला लावतात. या शिक्षेला माझा विरोध नाही. दोन लिटर पेट्रोलासाठी एखाद्या पोराचं आयुष्य तुरुंगात जावं असं मला वाटत नाही. पण तपासच झाला नाही तर ते पोर सापडणार कसं, आणि समाजसेवा तरी करणार कोण? डिझेल नव्वद रुपयांच्या आसपास धरलं तर ट्रकातून ५० लिटर उपसलं तरी हिशेब ४,५०० रुपयांचा होतो. म्हणजे तीही साधी चोरी म्हणून लिहिली तर अदखलपात्रच.

आता महत्त्वाचं सांगतो. आपण तक्रारीत "पेट्रोल चोरीला गेलं" एवढंच लिहितो आणि तिथेच केस हलकी होते. गाडी रस्त्यावर नव्हती, आपल्या आवारात होती. म्हणजे कुणीतरी रात्री आपल्या हद्दीत गुन्हा करायच्या इराद्याने शिरलं. हा अतिक्रमणाचा वेगळा गुन्हा आहे, कलम ३२९, आणि तो दखलपात्र आहे. तपास कसा करायचा ते ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७४ सांगतं की एकाच प्रकरणात अनेक गुन्हे असतील आणि त्यातला एक जरी दखलपात्र असला तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरायचं. म्हणून फाटक बंद होतं का, कुंपण कुठे वाकवलं, गाडी आवारात नेमकी कुठे लावली होती, हे सगळं तक्रारीत लिहा. गाडी बंद गॅरेजमध्ये असेल तर तेही लिहा. राहत्या घरातली किंवा वस्तू ठेवायच्या इमारतीतली चोरी कलम ३०५ मध्ये येते आणि तिथे शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. प्रवासी किंवा माल वाहणाऱ्या वाहनातून वस्तू चोरली तरी तेच कलम आहे. म्हणजे पायलट, टॅक्सीवाले, पिकअपवाले, ट्रकवाले यांनी आपलं वाहन कशासाठी वापरतो ते तक्रारीत ठळक लिहावं आणि ३०५ लावायचा आग्रह धरावा. सोबत पंपाची पावती किंवा यूपीआयचा मेसेज जोडा. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.

हे पेट्रोल जातं कुठे, हाही प्रश्न विचारायला हवा. काही स्वतःच्याच गाडीत घालत असतील. पण किनाऱ्याकडे रस्त्याच्या कडेला पाण्याच्या बाटल्यांतून पेट्रोल विकलं जातं ते आपण सगळे बघतो. भाड्याची स्कूटर जेमतेम पंप गाठेल एवढ्याच पेट्रोलवर पाहुण्याच्या हातात दिली जाते, मग तो अडतो आणि बाटली घेतो. त्यातली प्रत्येक बाटली चोरीची असते असं मी म्हणत नाही. पण बाटलीत गेल्यावर पंपावरचं कुठलं आणि चोरीचं कुठलं हे कुणी ओळखू शकत नाही, आणि चोराला तेच हवं असतं. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना ठेवायची मुभा आहे, तीही काचेच्या, चिनी मातीच्या किंवा धातूच्या भांड्यात. प्लास्टिकच्या बाटलीला ही सूट नाही, आणि विक्रीला तर नाहीच. आपणही अडीअडचणीला ती बाटली घेऊ नये.

आता धोक्याविषयी, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याची आहे. पेट्रोलाची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरत जाते. नळी काढून टाकलेली, पेट्रोल ठिबकतंय, आणि चार पावलांवर तुळशीपुढे दिवा लावलेला, असं अंगण आपल्याकडे घरोघरी असतं. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक बीएस-सहा (धुराच्या नव्या नियमांच्या) गाड्यांत पेट्रोल गाडीतल्याच छोट्या पंपाने इंजिनाकडे जातं, नुसती नळी काढून ते सहज वाहत नाही, म्हणून काही चोर नळीच कापतात. अशी गाडी न बघता चालू केली तर चावी फिरवताच पंप सुरू होतो आणि कापलेल्या नळीतून पेट्रोलाची पिचकारी उडते. म्हणून सकाळी आधी वास घ्या, खाली वाकून बघा, मग चावी लावा. आणि मुलांना स्पष्ट सांगा, नळी तोंडात धरून पेट्रोल ओढायचं नाही, स्वतःच्या गाडीतलंसुद्धा. घोटभर जरी श्वासनलिकेत गेलं तरी फुप्फुसांना सूज येते. कुणी गिळलंच तर त्याला ओकायला लावू नका, तसाच थेट इस्पितळात न्या.

बंदोबस्त फार खर्चाचा नाही. जुन्या बाईकचा कॉक बंद करून ती बाजू भिंतीला लागेल अशी गाडी लावावी. ट्रकाच्या टाकीला कुलपाचं झाकण आणि आत जाळी बसवावी. अंगणात माणूस आला की पेटणारा दिवा लावावा. कॅमेरा असेल तर त्यातलं चित्रण त्याच दिवशी काढून घ्यावं, नंतर ते आपोआप पुसलं जातं.

आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी. चोरी झाली की पहिलं बोट भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कामगारांकडे जातं. त्यांच्याही सायकली, मोटरसायकली आपल्याच आवारात असतात आणि त्यांचंही पेट्रोल जातं, पण त्यांची तक्रार घ्यायला कुणी तयार नसतं. पुराव्याशिवाय कुणाला खांबाला बांधून मारलं तर उद्या गुन्हा आपल्यावर नोंद होईल, आणि तो व्हायलाच हवा. संशय आला तर ११२ वर फोन करा, आरडाओरडा करून वाडा जागा करा, पण हात उचलू नका.

येत्या ग्रामसभेत मी दोन मागण्या मांडणार आहे. बंद पडलेले रस्त्यावरचे दिवे पंचायतीने पाठपुरावा करून सुरू करून घ्यावेत, आणि ज्यांच्या ज्यांच्या गाडीतलं पेट्रोल किंवा डिझेल गेलं त्या सगळ्यांच्या तक्रारी एकत्र करून पोलिसांना द्याव्यात. सुट्या तक्रारी नोंदवहीत पडून राहतात. एका वाड्यातल्या, एकाच पद्धतीच्या, तारखांसकट दिलेल्या तक्रारी एकदम समोर आल्या की रात्रीची गस्त मागायला आधार मिळतो. तक्रारीचा नमुना मी मराठीत तयार करून ठेवला आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी मला मेसेज करा, आणि घरी ज्येष्ठ मंडळी असतील तर त्यांचा अर्ज मी स्वतः येऊन लिहून देईन.